टेकडीवर बांध घालणारा बरकत

बरकत एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल, ही भीती मुमताजबाईंच्या मनातून जात नव्हती. तसा त्यांचा मुलगा शांत. आठवडाभर तळेगावात ट्रक दुरुस्त करायचा आणि रविवारी तळ्यावरच्या टेकडीवर दगड रचत बसायचा. अठ्ठ्याहत्तर साली कारखान्यांच्या रस्त्यांसाठी ठेकेदारानं मुरमाकरिता ती टेकडी पोखरली. तेव्हापासून दर पावसाला लाल चिखल तळ्यात उतरायचा, वर धुतलेल्या ट्रकांचं तेल पाण्यावर तरंगायचं. मासे मेले, पोरांच्या अंगावर पुरळ उठलं. मग बरकतनं आणि शेजारच्या मालोजीकाकांनी ओघळींत दगडी बांध घातले, कडेनं घायपात लावला.

गेल्या आठवड्यात ठेकेदाराच्या माणसांनी ते बांध उधळले. मालोजीकाका आडवे आले, तर ट्रकच्या ड्रायव्हरनं पहारीनं त्यांचं डोकं फोडलं. बरकतची दोन बोटं दगडाखाली चेचली. काका चौथ्या दिवशी गेले. पोलिसांनी लिहिलं, पाय घसरून पडले.

आज साडेचार वाजता बरकत आईच्या शाळेत आला. ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं.

"अम्मी, दुपारी त्याच ड्रायव्हरचा ट्रक आलेला, ब्रेकला."

"मग?"

"नळी अर्धी कापून ठेवली. चढताना कळायचं न्हाई. उतरताना ड्रायव्हरसाहेबांना काका भेटतील."

मुमताजबाईंनी खाडकन त्याच्या थोबाडीत मारली. ओठ फुटला.

"मार. त्याला कुणी मारलं न्हाई, मला मार."

"अरे, त्या ट्रकात मुरूम भरणाऱ्या बायका असतात! सोजरबाई, दहा-बारा जणी, मुरमावर बसून उतरतात."

"पायी येतात त्या."

"यायच्या. सोमवारपासून ट्रकनं येतात. सोजरबाईची लेक माझ्या वर्गात आहे."

"पाचला सुटतो ट्रक," एवढंच बोलून बरकतनं सायकलवर टांग टाकली.

सात मैल, तेही चढाचे. पाचच्या आत तो पोचणार नव्हता. टेकडीवरच्या ठेकेदाराच्या खोलीत फोन होता. तिथं कळवलं की ट्रक थांबेल, बायका वाचतील. आणि बरकत धापा टाकत वर पोचेल तेव्हा ती माणसं पहारी घेऊन त्याची वाट बघत असतील. पोलिसांना सांगितलं तर ते सहालाही हलायचे नाहीत.

भिंतीवर पावणेपाच झाले होते. मुमताजबाईंनी रिसीव्हर उचलला आणि एक्स्चेंजला ठेकेदाराचा नंबर सांगितला.