पडीक म्हटलेली जागा

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. मुलांनी विचारलं, तुमच्या आईला कुठं पुरलंय, तर म्हणायचो, गावाकडं. मुलं पुढं विचारत नसत आणि मला ते बरं वाटायचं. आता विचारणारं घरात कुणी उरलं नाही, म्हणून लिहितो आहे.

आमचं गाव लातूरकडच्या मुरुडपासून थोडं आत. गावात ख्रिस्ती घरं थोडीच. देऊळ, म्हणजे चर्च, बांधायची ऐपत नव्हती, म्हणून रविवारची उपासना चिंचेखाली सतरंजी टाकून व्हायची. पाळक महिन्यातून एखादे वेळी लातूरहून यायचे. एरवी माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो, तोच पवित्र शास्त्र वाचायचा आणि प्रार्थना करायचा. मला बोर्डिंगात शिकता यावं म्हणून त्यानं स्वतःची शाळा सोडली होती.

गावाबाहेर माळावर आमच्या लोकांची पुरायची जागा होती. थडग्यांवर दगडी बांधकाम कुणाचंच नव्हतं. मातीचा उंचवटा आणि उशाला लाकडी क्रूस, एवढंच. ईस्टरच्या आदल्या दिवशी सगळे मिळून उंचवट्यांना चुना द्यायचे. दुसऱ्या दिवशी पहाटे मेणबत्त्या घेऊन तिथं जायचे आणि पुनरुत्थानाची गाणी म्हणायचे. मेलेल्यांना आधी बातमी सांगायची, मग जित्यांनी घरी जाऊन चहा प्यायचा, असं आई म्हणायची. पुढं ती स्वतःच तिथं जाऊन निजली.

बहात्तरच्या दुष्काळात खडीचं काम निघालं. शिकलेला म्हणून मी मुकादम झालो आणि दादा माझ्याच हाताखाली खडी फोडायला लागला. कामाला सुट्टी बाजारच्या दिवशी असायची, कारण त्या दिवशी मजुरांना धान्य आणायचं असे. रविवारी काम चालू. दादा रविवारी यायचा नाही. त्या दिवसाची मजुरी बुडायची आणि घरात रेशनच्या मिलो ज्वारीच्या भाकरी कमी पडायच्या.

एकदा मी चिडलो. "लेकरं उपाशी अन् तू देवळात बसून राहतोस."

"देऊळ कुठं हाय रं? चिंचेखाली बसतो," तो हसत म्हणाला. "अन् भूक मला न्हाई का? पण पोट रोज वरडतंय, म्हणून त्याची आठवण ऱ्हाती. आत्मा वरडत न्हाई, धाकट्या. त्यामुळं माणूस त्याला इसरतो."

"मग मी काय करू? मुकादमानंच दांडी मारायची?"

"तू जा कामाला. सतरंजीवर तुझी जागा ठिवतो."

आणि तो खरंच ठेवायचा. वहिनी सांगायची, कुणी पोरगं तिथं बसलं तर दादा त्याला हळूच सरकवतो.

त्या वर्षी सरपण मिळेना. झाडांच्या साली गेल्या, कुंपणं गेली, मग माळावरचे क्रूसही एकेक करून चुलीत गेले. आईचा क्रूस दादानंच उपटून आणला, शेजारच्या बाळंतिणीचं पाणी तापवायला. मी म्हणालो, "आईचा क्रूस जाळतोस?"

"आईनं न्हाई म्हनलं असतं का?" तो म्हणाला. "तिचं नाव तिथं वर ठावं हाय. खाली लाकूड असलं काय अन् नसलं काय."

दुष्काळ सरला. नवे क्रूस लावू लावू म्हणता कुणाच्या हातून झालं नाही. चुनाही राहून गेला. पावसानं उंचवटे खाली बसले आणि त्यांच्यावर कुसळीचं गवत माजलं. तरी दर ईस्टरला पहाटे दादा सगळ्यांना घेऊन जायचा. कोण कुठं आहे, हे त्याला पाठ होतं.

पुढं लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, रस्ते निघाले, गुत्तेदारांना, म्हणजे ठेकेदारांना, दिवस कमी पडायला लागले. मीही गुत्तेदारीत शिरलो. लातुरात व्यापाऱ्यांच्या आळीत भाड्यानं घर घेतलं. घरमालक शिवभक्त, सज्जन माणूस. त्यांनी कधी जात-धर्म विचारला नाही, मीही सांगितला नाही. भिंतीवरचा क्रूस मी आतल्या पेटीत ठेवला. रविवारी साइटवर असायचो. दुष्काळात निदान पोटाचं कारण होतं, आता तेही नव्हतं.

माझं पहिलं मोठं काम आमच्याच माळावरच्या रस्त्याचं होतं. मोजणी झाली तेव्हा बांधकाम खात्याचे साहेब आले. गावचे लोक जमले होते. त्यांत दादा आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीतले एक म्हातारे काकाही होते. साहेबांनी माळाकडं बोट केलं.

"गुत्तेदार, तुम्ही इथलेच ना? इथं देवस्थान, मसणवटा, असं काही? नंतर भानगड नको. काही असेल तर चौकशी लावू, काम पुढं ढकलू."

काम पुढं ढकललं की ते दुसऱ्याला जाणार, हे मला माहीत होतं. मी कुसळीकडं बघितलं. आई कुठं होती ते मला दिसत होतं.

"काही नाही साहेब," मी म्हणालो. "पडीक आहे."

म्हातारे काका पुढं सरले. "पडीक? अरे गुत्तेदारा, तुझी माय..."

दादानं त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या काका," एवढंच म्हणाला. तो बोलला असता तर साहेबांनी ऐकलं असतं. तो का बोलला नाही, ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, घाबरला. साहेब गेल्यावर तो माझ्याजवळ आला.

"आईचं काई न्हाई. ती त्या मातीत थोडीच अडकून पडलीय," तो म्हणाला. "मी बोललो असतो तर चारचौघांत तू खोटा पडला असतास. पण मी तुझ्यापायी भितो, धाकट्या. खोटं किती सोपं निघालं तुझ्या तोंडून."

रस्ता झाला. पुढच्या ईस्टरला पहाटे मी खडीच्या ट्रकमधून तिथून जात होतो. रस्त्याच्या कडेला दहा-बारा माणसं मेणबत्त्या घेऊन डांबराकडं तोंड करून उभी होती. गाडीच्या वाऱ्यानं काही मेणबत्त्या विझल्या. दादानं वर बघितलं, मला ओळखलं आणि बाजूच्या बाईला थोडं सरकायला सांगितलं. त्याच्या शेजारी एका माणसाची जागा झाली.

मी ड्रायव्हरला थांब म्हटलं नाही.

त्यानंतर कामं मिळत गेली. लातुरात स्वतःचं घर झालं. पेटीतला क्रूस त्या घराच्या भिंतीवरही आला नाही.

दादा म्हातारपणी नांदेडला, विष्णुपुरीत लेकीकडं राहायला गेला. तो अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा मी गेलो. वाटभर एकच वाक्य घोळवत होतो. खोलीत शिरलो तर तो नुसता हाडांचा उरला होता, पण मला बघून हसला.

"सलाम, गुत्तेदारसाहेब. बस. जागा हाय."

मी पलंगाच्या कडेला बसलो. मोसंब्या आणल्यात म्हणालो. उन्हाळ्याचं बोललो, धरणातल्या पाण्याचं बोललो. मग त्यानं विचारलं, "प्रार्थना करतोस ना रं?"

"हाव, करतो," मी म्हणालो.

त्यानं डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान दिसलं की आता खरं सांगितलं तर ते मोडेल, असं मला वाटलं. पुढच्या खेपेला सांगू, असं ठरवून मी उठलो. ती खेप यायच्या आधीच तो गेला.

ते वाक्य अजून माझ्यापाशीच आहे. दादा, तिथं आई होती आणि मला दिसत होती. मी खोटं बोललो, त्या दिवशी साहेबांशी आणि मग विष्णुपुरीत तुझ्याशी. मला माफ कर.