हयातीचा रकाना

आमच्या टेबलावर फाइलींपेक्षा किस्से जास्त साठतात. फाइली निदान रेकॉर्डरूममध्ये पाठवता येतात, किस्से घरी न्यावे लागतात आणि नवऱ्यावर ओरडावं लागतं. चेन्नईतल्या एका हॉस्पिटलात मी बसते. लहानपणी ब्लड कॅन्सर झालेल्या मुलांच्या घरी वर्षातून एकदा फोन करून रजिस्टरात लिहायचं, हयात की मयत. पूर्वी मयतचा रकाना भराभर भरायचा. आता हयातला पान पुरत नाही. पण लोकांना ते पटेल तर शपथ!

*

एका हेडमिस्ट्रेसनं बऱ्या झालेल्या मुलाला वेगळ्या बाकावर बसवलं. इतरांना लागण होईल म्हणे. मी विचारलं, तुम्ही कोणता विषय शिकवता?

"सायन्स."

मी फोन ठेवला, नाहीतर माझी नोकरी गेली असती.

*

टी. नगरमध्ये साडीच्या दुकानात एक आई भेटली. मुलगा वॉर्डात होता तेव्हा माझा हात धरून रडलेली. सोबत नणंद होती, म्हणून तिनं ओळखच दाखवली नाही. संध्याकाळी मेसेज आला, माफ करा, मुलगा बारावी पास झाला. राग आला तो नणंदेचा.

*

बऱ्या झालेल्या मुलांच्या मेळाव्याला एक साहेब फोटोग्राफर घेऊन खेळणी वाटायला आले. समोर धडधाकट कॉलेजची पोरं. साहेब हिरमुसले. टक्कल पडलेलं एखादं मूल नाही का, म्हणाले. आमच्या डॉक्टर कधी आवाज चढवत नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या, "टक्कलच हवं असेल तर आमच्या अकाउंटंटना बोलावते."

*

दिव्या चार वर्षांची असताना आमच्याकडे आली होती, आता चोवीसची. वडील इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात सुपरवायझर. दरवर्षी तेच फोन उचलायचे. यंदा म्हणाले, "ती गेली. आता फोन करू नका."

मी मयत लिहिलं. डॉक्टर त्या दिवशी जेवल्या नाहीत.

चार दिवसांनी शोळिंगनल्लूरच्या एका कंपनीचं आयकार्ड गळ्यात घातलेली मुलगी एका तरुणासोबत टेबलासमोर उभी राहिली. दिव्या! लग्न ठरलं होतं आणि हॉस्पिटलचा फोन सासरच्यांसमोर वाजू नये म्हणून तिच्या अप्पांनी तिला मारून टाकलं होतं. फोनवरचं ते बोलणं तिनं आतल्या खोलीतून ऐकलं होतं. मी संतापून तिच्या वडिलांना लावायला फोन उचलला. ती मात्र शांत होती.

"रजिस्टर काढा."

तिच्या नावापुढे आजार, उपचार, सगळं होतं. तिनं मयतवर काट मारली, हयातच्या रकान्यात सही केली. मग रजिस्टर सोबतच्या तरुणाकडे, तिच्या होणाऱ्या नवऱ्याकडे वळवलं.

"हे सगळं वाच. मग पत्रिका छापायला दे."