डोहाला नाव हवं

मोजणीदाराची सारी नोकरी एका नदीच्या घळीचा नकाशा करण्यात गेली. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि रान असं दाट, की विमानातून फोटो काढले तरी खालची जमीन दिसेना. मग काय, पायपीट! दुर्बिणीला डोळा लावून हा या काठावर, आणि उंचीची पट्टी धरून त्याचा ताडमाड मदतनीस लंबू पलीकडे. लंबूच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं. "साहेब, मलाही काढा की नकाशात. झाड म्हणून खपून जाईन," म्हणायचा. मोजणीदार नुसता 'हं' करायचा. दोघांचं छान जमायचं.

एकदा वर डोंगरात पाऊस कोसळला आणि बघता बघता पाणी चढलं. पट्टी खालच्या डोहात सापडली. लंबू सापडलाच नाही.

त्या बिननावाच्या डोहाला नकाशात लंबूचं नाव लागलंच पाहिजे, असं मोजणीदाराच्या मनाने घेतलं. पण ऑफिसचा नियम आडवा आला. तिथली माणसं जे नाव घेतात तेच लिहायचं, मोजणाऱ्याने आपल्या मनचं घुसडायचं नाही. आणि गंमत बघा, नव्या माणसांकडून हा नियम घोकून घेणारा मोजणीदार स्वतःच!

मग हा मुखदुर्बळ माणूस नाव रुजवायला निघाला. दर उन्हाळ्यात रजा टाकून डोहाकाठी जाऊन बसायचा. मासे धरणारे, मध काढणारे दिसले की घसा खाकरून म्हणायचा, "लंबूच्या डोहाला यंदा पाणी कमी आहे." पुढे काय बोलावं ते सुचायचं नाही. लोक मान डोलावून वाटेला लागायचे. "पोरीच्या सुट्टीत तरी घरी थांबा," बायको म्हणायची. पुढेपुढे तिनेही म्हणायचं सोडून दिलं.

तो निवृत्त झाल्यावर नवा नकाशा निघाला. त्याच्या जागी आलेली बाई मुद्दाम तो घेऊन घरी आली.

"सर, तुम्ही मोजलेल्या त्या बिननावाच्या डोहाला नाव मिळालं. मासेवाले, मधवाले, सगळे एकच नाव सांगतात."

चष्मा चढवून मोजणीदाराने नदीवरून बोट खाली आणलं. डोहापाशी लिहिलं होतं, 'एकट्याचा डोह'.

"कुणी एक माणूस दरवर्षी तिथे एकटाच येऊन बसायचा म्हणे," बाई म्हणाली. "कोण होता, सर?"

लंबू असता तर पोट धरून हसला असता. 'वा साहेब! मला काढा म्हटलं, तर स्वतःच जाऊन बसलात!' पण लंबू नव्हता.

"माहीत नाही," मोजणीदार म्हणाला, आणि नकाशाची घडी घालायला लागला.