कटरचं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच. घरातल्या फरशीवरून हात फिरवत ती अजून म्हणते, कडूबानं काय सुरेख काम केलंय — आणि मी चहा पितो. तुम्हाला का सांगतोय? मलाही नीट कळत नाही.

बीड बायपासकडे एक इमारत उभी राहत होती, मी तिथं सुपरवायझर. कडूबा आमचा फरशीवाला, गंगापूरकडचा. ग्रॅनाइट असं कापायचा की सांध्यात नख शिरू नये. कापताना कटरवर पाण्याची धार सोडली की धूळ उडत नाही. पण चिखल होतो, जिने घाण होतात, काम रेंगाळतं. आणि मला घाई होती — कुठल्या सुपरवायझरला नसते? मी पाणी बंद करायला लावलं.

त्या बदल्यात संध्याकाळी सगळ्यांना गूळ वाटायचो. गुळानं छातीतली धूळ निघते, असं आमच्याकडे सगळेच मानतात. मी मानत होतो का? खरं सांगू — मानणं सोयीचं होतं.

काही काळ काम झपाट्यानं झालं. मग कडूबाला धाप लागू लागली. जिन्यात मधेच बसायचा, तोंडावर फडकं धरून खोकायचा. निम्मंच काम उरकायचं. शेठ साइटवर आले, मला बाजूला घेऊन म्हणाले, काम मागं का पडलं?

इथंच थांबावंसं वाटतंय. पण —

मी म्हणालो, "कडूबा पितो."

तो दारूला शिवत नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण धुळीचं नाव काढलं असतं तर बंद केलेल्या पाण्याचाही विषय निघाला असता. मी घाबरलो. एवढंच. त्याच दिवशी त्याला काढलं, आणि मुकादमांत अशी गोष्ट पसरायला कितीसा वेळ लागतो? पुढं कुठल्याच साइटवर त्याला कुणी उभं केलं नाही.

परवा शहागंजात दिसला. एका दुकानाच्या पायरीवर झाडू विकायला बसला होता. मला पाहून धडपडत उठला.

"साहेब," दम घेत म्हणाला, "लई साइटी केल्या. पण रोज आठवणीनं गूळ देणारे... तुमीच."

मी "तब्येत सांभाळ" म्हणालो आणि निघून आलो.