नावडत्या महाराजांची कढी

“हा गंज कोणाचा हाय?” देवीदास महाराजांनी विचारलं, आणि मी मांडवाच्या दोऱ्या तपासायला लागलो.

खरं तर विचारायची गरज नव्हती. गंजाच्या, म्हणजे त्या मोठ्या पितळी पातेल्याच्या, काठावर छिन्नीने ठोकून माझं नाव घातलेलं होतं. अमरावतीत माझं बिछायत केंद्र होतं. म्हणजे मांडव, सतरंज्या, पेट्रोमॅक्स आणि पंगतीची भांडी भाड्याने द्यायचा धंदा. त्या दिवशी अकोल्याला आप्पाजींच्या मुलीच्या लग्नाची ऑर्डर होती. पाचशे पान. सकाळचे नऊ वाजले होते आणि दुपारी मुहूर्त लागला की लगेच पंगत बसायची होती.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं झालं होतं. आमच्या वऱ्हाडात मात्र राज्यापेक्षा जास्त चर्चा आचाऱ्यांची व्हायची. आचाऱ्याला आम्ही महाराज म्हणतो. लग्नाची पत्रिका हातात पडली की मुलगा काय करतो हे नंतर, आधी ‘स्वयंपाकाले कोन हाय?’ उत्तर मोतीराम महाराज असेल तर माणसं सकाळपासून पोट रिकामं ठेवून यायची. वांग्याच्या भाजीवर बोटभर तर्री, पंगतीत फिरून आग्रह, थट्टामस्करी. त्यांच्या हातचं जेवलो, हे लोक वर्षभर सांगायचे.

आणि उत्तर देवीदास महाराज असेल तर माणसं ‘अरे बापा’ म्हणायची. हाताला चव होती, ते कोणी नाकारत नसे. पण स्वभाव असा तिरसट की विचारू नका. चूल वाऱ्याच्या तोंडाला मांडली म्हणून कटकट, पत्रावळ पुसली नाही म्हणून पंगत थांबवायची, आणि तर्री तर मोजूनमापून. चुलीपाशी वरबापालाही उभं राहू द्यायचे नाहीत. आप्पाजींच्या बायकोला मोतीरामच हवे होते. आप्पाजींनी बोलणी करायला उशीर केला म्हणून देवीदास मिळाले, आणि ती माउली चार दिवस घरात फुगून बसली होती.

माझं मत सगळ्या वऱ्हाडाच्या उलट. मी आचारी जेवणावरून नाही, परत आलेल्या भांड्यावरून ओळखायचो. मोतीराम महाराजांचा जाळ नेहमी मोठा. तळाला लागलं की लोखंडी सराट्याने खरवडायचे. गंज परत यायचा तो मांजराने ओरबाडल्यासारखा. देवीदासांकडून भांडी यायची ती घासून, उन्हात पालथी घालून, वाळवून. मला दोघांपैकी कोण आवडणार हे सांगायला नको.

आता भानगड काय झाली ते सांगतो. पितळेच्या गंजाला आतून कल्हई करतात, म्हणजे कथलाचा पांढरा थर देतात. हा थर गेला आणि उघड्या पितळेत ताक, चिंच असं आंबट काही शिजवलं, की ते कळकतं. हिरवट होतं आणि खाणाऱ्याला ओकाऱ्या होतात. दोनच दिवसांपूर्वी हा गंज बडनेऱ्याला मोतीराम महाराजांच्या हाताखाली गेला होता. परत आला तेव्हा तळाला पितळ पिवळंधमक दिसत होतं. कल्हईवाला अंजनगाव सुर्जीला गेलेला. सीझन जोरात होता, भांडी कमी पडत होती. भाताला वापरतील, म्हणून मी गंज राखेने घासला आणि ट्रकमध्ये चढवला. माझा शुद्ध हलगर्जीपणा, दुसरं काही नाही.

पण गोळा-भातावर कढी हवी, असा वरपक्षाचा खास निरोप होता, आणि एवढा मोठा गंज तो एकच. देवीदास महाराजांनी आत हात फिरवला, उजेडात तिरपा करून पाहिला आणि गंज पालथा घातला. कढी होणार नाही, म्हणाले. आप्पाजी धावत आले. का नाही म्हणून विचारलं तर भांडं बरोबर नाही, एवढंच उत्तर. कोणाचं, कोणी आणलं, एक शब्द नाही.

आप्पाजी भडकले. ह्याच्यासाठीच तुम्हाला कोणी बोलावत नाही, मोतीराम महाराज आज अकोल्यातच रिकामे आहेत, आत्ता टांगा पाठवतो, असं सगळं एका दमात बोलून गेले. मग त्यांचा आवाज बसला.

“माही पोरगी आज त्याइच्या घरी जाऊन राहिली. पहिल्याच पंगतीपासून तिले बोलणे खायले लावता काय? उचला तुमचा झारा.”

देवीदास महाराजांनी हात धुतले आणि झारा धोतराच्या फडक्यात गुंडाळायला घेतला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी गप्प बसलो तर वाचत होतो. पण मोतीराम येणार, हसत हसत त्याच गंजात कढी करणार, आणि पाचशे माणूस आडवं होणार. बोललो तर अकोल्यात माझं दुकान बंद. खोटं कशाला सांगू, दोन मिनिटं मी हिशेब करत उभा राहिलो, आणि त्याची लाज आजही वाटते.

“आप्पाजी, गंज माहा हाय,” मी म्हणालो. “कल्हई गेली होती, मले माईत होतं. तरी आणला.”

आप्पाजींनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

“पावण्याइले मारूनच टाकलं असतं ना जी तुमी.”

देवीदास महाराजांनी फडकं सोडून झारा पुन्हा बाहेर काढला. भांडण पंगत झाल्यावर करा म्हणाले, आधी गल्लीतून घरोघरची कल्हईची पातेली आणा. बायकांनी चौदा पातेली आणली. विटांच्या चौदा चुली मांडल्या. दोन चुलींवर ढवळायला त्यांनी मलाच बसवलं, आणि ताक फुटलं तर याद राखा, असा दम दिला. मुहूर्ताच्या अक्षता मी तिथूनच टाकल्या.

कढी अशी उतरली की वराचे मामा चार वेळा वाटी पुढे करते झाले. तृप्त होऊन म्हणाले, “वा! मोतीराम महाराजाचा हात लपत नाई.” आप्पाजींना ठसका लागला. देवीदास महाराज मात्र वाढप्यावर ओरडण्यात गुंतले होते.

दुपारी मी त्यांना गाठलं. माझं नाव का सांगितलं नाही म्हणून विचारलं.

“गंजावर लिहिलं हाय. आप्पाजीले वाचता येते,” ते म्हणाले. “मी काहून सांगू?”

माझं दुकान बंद झालं नाही. पुढच्या वर्षी आप्पाजींच्या मुलाचं लग्न निघालं, तेव्हा मांडव माझा आणि महाराज देवीदासच. बाकी वऱ्हाडाचं मत मात्र तसूभर बदललं नाही. त्यानंतर मी कल्हई केल्याशिवाय एक भांडं दुकानाबाहेर काढलं नाही. आचारी कसा आहे हे कोणी विचारलं, की मी आजही सांगतो, जेवून उठलेल्याला विचारू नका, भांडी परत घेणाऱ्याला विचारा.

माझ्या स्वतःच्या मुलीच्या लग्नालाही मी देवीदास महाराजांनाच बोलावलं. त्यांनी आल्या आल्या कल्हई पातळ बसली म्हणून माझ्याच केंद्राचे तीन गंज बाजूला काढले, तेही व्याह्यांच्या देखत. व्याह्यांनी विचारलं, हे कोणाचे? या वेळी मी मांडवाच्या दोऱ्या तपासायला गेलो नाही. माझेच, म्हणालो.