सातव्या खेळानंतरची रांग

नातीच्या स्पर्धेला योकोहामाला निघालो आणि कावासाकीच्या स्टेशनातच माझं धोतर फाटकात अडकलं. कार्ड टेकवलं की उघडतं, लगेच मिटतं, असलं फाटक.

"आबा, पँट घाला म्हणाले होते ना!" मुक्ता म्हणाली.

"फाटकानं माणूस बघून मिटावं," मी म्हटलं. चौथी शिकलोय, पण आयुष्य तालमीत गेलं. कपडे बदलणारा मी नव्हे.

तिची स्पर्धा चार खेळांची, गुणांची बेरीज करून नंबर. सकाळी अडथळ्यांच्या शर्यतीत पोर पडली, गुण शून्य. उंच उडी, गोळा कसेबसे झाले. दुपारी ओनिगिरी (भाताचा मुटका, पोटात लोणच्यासारखं आंबट फळ) मी खाल्ली. तिनं हात लावला नाही. बूट काढून बसली.

"आबा, घरी जाऊ या? दोनशे मीटर राहिलेत फक्त. शेवटचीच येणार मी."

"चल. हरल्यावर थांबायचं कशाला? आमच्या तालमीत हरलेला मागल्या दारानं जातो."

तेवढ्यात तिच्या गुरू आल्या. वेरा-सान, रशियाच्या. उंच बाई, एका पायानं लंगडतात. लग्न करून जपानातच राहिल्या. मी मुक्ताला म्हटलं, "विचार, यांची पदकं किती?"

बाई हसल्या. त्या जपानीत बोलत होत्या, मुक्ता मला सांगत होती. "मोठ्या स्पर्धेत एकही नाही. माझी स्पर्धा सात खेळांची, दोन दिवस. धावणं, उड्या, गोळा, भाला, सगळं एकटीनं. बारा वर्षं तेच केलं. अखेरच्या स्पर्धेत लांब उडी मारताना तिन्ही वेळा पाय पट्टीपुढं पडला. शून्य."

"मग उरलेलं कशाला खेळल्या?"

"सातवा खेळ आठशे मीटर धावण्याचा. तो संपला की साऱ्याजणी हात धरून एका रांगेत वाकतात. पहिली कोण, शेवटची कोण, बघणाऱ्याला कळत नाही. त्या रांगेत मला उभं राहायचं होतं."

हे सांगता सांगताच मुक्तानं बूट चढवले.

शेवटचीच आली. साऱ्या मैदानात मी एकटा ओरडत होतो, "ओढ, मुक्ते, ओढ!" लोक वळून बघत होते, बघू देत. मग पोरींनी हात धरले आणि मैदानापुढं वाकल्या. मुक्ता मधोमध होती. माझ्या शेजारी वेरा-सानही वाकल्या, दोन्ही हात बाजूला पसरून, जणू कोणी धरलेत. एक मी धरला. फेटा सावरत वाकलो.

आता गावी आलोय. तालमीत नवा नियम केलाय: कुस्ती झाली की दोघांनी हात धरून मातीला वाकायचं आणि पुढल्या दारानं एकत्र बाहेर पडायचं. पोरं हसतात. हसू देत. मागल्या दाराला मी कुलूप घातलंय.