मावशीच्या चोळीतले लोहचुंबक

सुईतून आत गेलेले औषध अंगात कुठे कुठे फिरते, हे तुम्ही कधी डॉक्टरांना विचारले आहे का? मी विचारले होते. लाटंबार्शे गावातल्या माझ्या मावशीच्या छातीत कर्करोगाची गाठ होती. पणजीच्या इस्पितळात सुया सुरू झाल्यापासून तिचे केस गळत होते, पोटात पेज ठरत नव्हती.

"औषध अंगभर फिरते," डॉक्टर म्हणाले. "त्याला गाठ तेवढी ओळखता येत नाही."

मला हा अन्याय वाटला. गोव्यात मराठी की कोकणी, या राजभाषेच्या वादाचे दिवस होते. डिचोलीच्या छापखान्यातून मी पत्रकामागून पत्रक काढत होतो. अन्याय दिसला की लिहायचे, एवढेच मला येत होते. तशात कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या सरांनी एक नवे संशोधन समजावून सांगितले. लोखंडाच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांबरोबर औषध रक्तात सोडायचे आणि बाहेरून लोहचुंबक धरून ते गाठीपाशी थोपवायचे. प्रयोग अजून उंदरांवरच चालले होते.

दुसऱ्याच दिवशी मी पत्रक काढले. आमच्या खाणींचे लोखंड बोटी भरभरून परदेशी जाते, मग आमच्या रोग्यांना हे औषध का नाही? उंदीर मी गाळले. त्यांच्यामुळे मजकुराची धार जात होती.

सभा, मोर्चे यांत दोन महिने मी मावशीकडे फिरकलो नाही. गेलो तेव्हा तिने चोळीतून फडक्यात बांधलेले जाड काळे कडे काढून दाखवले. सभेतल्या फुटक्या कर्ण्याचे लोहचुंबक! सुया तिने केव्हाच सोडल्या होत्या.

"तूच लिवलंस मरे, लोहचुंबक औषध ओढून हाडता म्हणून. आधीच्या सुयांचा औषध आसा अंगात, आता एका जाग्यार येतला. केस बघ, परत इले!"

"मावशी, केस आले ते सुया थांबल्या म्हणून. तुझ्या औषधात लोखंडच नाही."

"नाय? मग लिवलंस कित्याक?"

 तिला घेऊन मी तसाच पणजीला गेलो. डॉक्टरांनी गाठ चाचपली. ती वाढली होती. सुया पुन्हा सुरू करू, पुढचे आज सांगता येत नाही, असे ते म्हणाले.

तुमच्या घरात, शेजारात कुणी उपचार अर्ध्यावर सोडले असतील, तर हे वाचणे इथेच थांबवा. त्यांच्याकडे जा, का सोडले ते विचारा आणि पहिल्या बसने त्यांना इस्पितळात घेऊन जा.